मागच्या सीटचा अहवाल

नागुमो शिगेहारू आमच्या कारखान्यात चाचणी-चालक होते. नवी मोटरसायकल बाजारात जायच्या आधी वर्ष-दीड वर्ष त्यांच्या हाताखालून जायची. हामामात्सूच्या उत्तरेला, चहाच्या मळ्यांपलीकडे आमचा ट्रॅक होता. तिथे ते सकाळी आठ ते संध्याकाळी पाच गाडी फिरवायचे आणि उतरल्यावर अहवाल लिहायचे. त्यांचे अहवाल सगळ्या खात्यात प्रसिद्ध होते, कारण ते वाचायला वेळच लागत नसे. “वळते. थांबत नाही.” असा एक अहवाल मी स्वतः फाईलला लावलेला आहे. त्या तीन शब्दांवर ब्रेकवाल्यांनी तीन महिने काम केलं.

मी इशिगामी मिहो. १९९३ साली मी इंजिनाच्या खात्यात नवी होते. वय सव्वीस, आणि त्या मजल्यावर ड्रॉइंग बोर्डापुढे बसणारी मी एकटीच बाई. नागुमोसानांच्या (सान म्हणजे आदराने लावायचं ‘राव’) अहवालांचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. म्हणजे शेडमध्ये त्यांच्या मागे मागे हिंडायचं आणि “थांबत नाही म्हणजे पुढचा ब्रेक की मागचा?” असं विचारत राहायचं. ते हेल्मेट काढायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, “मागचा.” त्या दिवसाचं बोलणं तिथे संपायचं.

त्या वर्षी आम्ही साडेसातशे सीसीची क्रूझर करत होतो. लांब, बुटकी, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायची गाडी, मुख्यतः अमेरिकेसाठी. दोन सिलिंडर, व्ही अक्षरासारखे एकमेकांपासून फाकलेले. बाकी सगळं ठरलेलं होतं. सीट जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर, टाकी थेंबाच्या आकाराची, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. घोडं अडलं होतं ते इंजिनाच्या पोटात. दोन्ही पिस्टनांचे दांडे क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या आसाला, जिथे धरतात, तिथे खुंट्या दोन ठेवायच्या की एकच? दोन खुंट्या एकमेकींपासून सरकवून ठेवल्या की एका पिस्टनचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि इंजिन अगदी मऊ फिरतं. एकाच खुंटीवर दोन्ही दांडे बसवले की इंजिन हादरतं आणि त्याचे ठोके जाणवू लागतात. दोन ठोके जवळजवळ, मग थोडा विसावा, पुन्हा दोन.

आमचं आधीचं मॉडेल दोन खुंट्यांचं होतं. ते कधी बिघडत नसे, हादरत नसे, आणि अमेरिकेतले दुकानदार त्याला शिवणयंत्र म्हणायचे. आमचे खातेप्रमुख ओकुयामा यांना हे फार लागलं होतं. “शिवणयंत्रात वाईट काय आहे?” असं ते मीटिंगमध्ये विचारायचे. एकदा नागुमोसान म्हणाले, “काही नाही. पण त्याच्यावर बसून कोणी गावाला जात नाही.” त्या वर्षात मीटिंगमध्ये ते बोललेलं तेवढंच एक वाक्य.

शेवटी दोन्ही प्रकारची एकेक गाडी बनवायचं ठरलं. पहिली दोन खुंट्यांची, सुमारे पन्नास हॉर्सपॉवरची. दुसरी एका खुंटीची. तिचा सगळा जोर आम्ही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर आणला होता, त्यामुळे कागदावर तिची ताकद सहा हॉर्सपॉवरने कमी भरायची. ओकुयामांच्या भिंतीवर दोघींचे आलेख शेजारी-शेजारी लावलेले होते, आणि आलेखात पहिलीच जिंकत होती.

आता फुमिएबद्दल सांगते. फुमिए म्हणजे नागुमोसानांची बायको. आमच्या गावात घरटी एक माणूस मोटरसायकलच्या कारखान्यात असतो, नाहीतर पियानोच्या. ती पियानोच्या कारखान्यात सूर जुळवणाऱ्यांच्या बाकावर होती. उभ्या पियानोच्या सव्वादोनशे तारा कानाने लावायच्या, दिवसाला दोन पियानो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिला वरचे सूर ऐकू येईनासे झाले, मग मधले. डॉक्टरांनी आतली नस वाळत चालल्याचं सांगितलं. पाच वर्षांत जवळजवळ सगळं गेलं. कारखान्याने तिला काढलं नाही. झाकणांना पॉलिश करणाऱ्या बायकांत बसवलं.

ती ओठांवरून बोलणं ओळखायची. बोलायची नेहमीसारखी, फक्त आवाज जरा मोठा. नागुमोसानांना तेव्हा भरघोस मिशा होत्या, वीस वर्षांच्या. एका सोमवारी ते सफाचट ओठ घेऊन कामावर आले. शेडमधल्या पोरांनी त्यांना फार छळलं, पैज हरलात का, नवीन कोणी भेटली का, वगैरे. मिशांच्या आडून तिला त्यांचं बोलणं दिसत नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर फुमिएकडूनच कळलं.

या बाईला लग्नाच्या बावीस वर्षांत नवऱ्याने एकदाही डबलसीट नेलं नव्हतं. हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामागचं कारणही. लग्नाच्या दोन वर्षं आधी त्यांचा धाकटा भाऊ यासुओ त्यांच्या मागे बसला होता. तळ्याकाठच्या एका वळणावर वाळू होती. शिगेहारूंना खरचटलंसुद्धा नाही. यासुओचं कंबरेचं हाड मोडलं आणि एक पाय कायमचा आखूड राहिला. यासुओने त्याचा कधी उच्चार केला नाही. तो मिक्काबीला संत्र्यांची बाग करतो, दर नवीन वर्षाला करंडीभर संत्री घेऊन लंगडत यायचा आणि भावाच्या घरी मुक्काम ठोकायचा. पण शिगेहारूंनी तेव्हापासून मागच्या सीटवर माणूस बसवला नाही. कारखान्यात डबलसीटची चाचणी असली की ते पंचावन्न किलोचं वाळूचं पोतं दोरीने बांधायचे.

क्रूझरच्या बाबतीत पोतं पुरेना. अमेरिकेतल्या आमच्या माणसांनी पत्रात लिहिलं होतं की तिकडे नवरा-बायको जोडीने चारशे-चारशे किलोमीटर जातात आणि गाडी घ्यायची की नाही हे पुष्कळदा मागे बसणारी ठरवते. तेव्हा मागची सीट जिवंत माणसाकडून तपासून घ्या. ओकुयामांनी नागुमोसानांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते “पोतं चालेल” म्हणाले.

मे महिन्यात, पतंगांच्या उत्सवाआधीच्या रविवारी, कुटुंबांना ट्रॅक दाखवायचा दिवस असतो. फुमिए डबा घेऊन आली होती. शेडमध्ये एका खुंटीची गाडी उभी होती आणि मागे पोतं बांधलेलं होतं. तिने बोट दाखवून विचारलं, “ही कोण?”

मेकॅनिक हिरानो फार वात्रट. तो तिच्यासमोर उभा राहून एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, “ही तुमची सवत, वहिनी. रोज हिलाच फिरवतात.”

फुमिएने पोत्याला हात लावून पाहिला. “माझ्यापेक्षा तीन किलोने जाड आहे,” ती म्हणाली. सगळे हसले, नागुमोसानही. मग ती मला बाजूला घेऊन गेली आणि विचारलं, बाहेरच्या माणसाला मागे बसायचं असेल तर कुठला फॉर्म भरायचा असतो. मी खरं तर आधी नागुमोसानांना विचारायला हवं होतं. मी तिला फॉर्म दिला.

पुढच्या शनिवारी सकाळी चाचणीच्या फळ्यावर नाव होतं, मागची सीट, नागुमो फुमिए. नागुमोसानांनी ते वाचलं. शेडच्या दारात ती उभी होती, कोणाचं तरी मोठं जाकीट घालून, हातात हेल्मेट. ते तिच्याकडे पाठ करून गाडीचा क्लच तपासत बसले आणि म्हणाले, “मी नेणार नाही.”

ती त्यांच्या पुढ्यात येऊन बसली. “पाठ करून बोललात तर मला कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणूनच केलीत.”

शेडमध्ये आम्ही चौघे-पाच जण होतो. सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवलं. मी मात्र क्लिपबोर्ड धरून तिथेच अडकले होते.

त्यांनी तोंड वर केलं आणि सावकाश म्हणाले, “यासुओ पडला होता.”

“तो पडला, उठला, त्याने बाग लावली, लग्न केलं, तीन मुलं झाली त्याला. तुम्ही अजून तिथेच त्या वळणावर उभे आहात. मी बावीस वर्षं घरातून बघतेय.” तिचा आवाज मोठाच होता, तिला त्याचा अंदाज नसे. “माझे कान गेले तेव्हा तुम्ही मला एकदा तरी म्हणालात का, की आता घरात बस?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“मग मीही तुम्हाला त्या वळणावर बसू देणार नाही. चला.”

ते बराच वेळ क्लचची तार उगाच घट्ट-सैल करत राहिले. मग उठले, तिच्या हेल्मेटचा पट्टा त्यांनी स्वतः लावला, दोन बोटं घालून पाहिली, पुन्हा काढून पुन्हा लावला. तिला सांगितलं, एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. आधी पहिली गाडी, दोन खुंट्यांची, सहा फेऱ्या. पहिली फेरी त्यांनी इतकी हळू मारली की हिरानो म्हणाला, वहिनी चालत गेल्या असत्या तर आधी पोचल्या असत्या. चौथ्या फेरीला गाडी नीट चालू लागली. मग अर्धा तास विश्रांती, आणि दुसरी गाडी.

ती दोघं दुसरीवर निघाली तेव्हा मी कठड्यापाशी उभी होते. सुटतानाच गाडीचे ते दोन-दोन ठोके छातीत जाणवत होते. पहिल्या वळणावर फुमिए त्यांच्याबरोबर झुकली. आधीच्या गाडीवर ती प्रत्येक वळणाला किंचित मागे राहत होती, आता नव्हती. सहा फेऱ्या झाल्यावर त्यांनी गती कमी केली तर तिने पाठीवर थाप मारली. ते घाबरून थांबायला लागले. ती ओरडून म्हणाली, “एक नाही, दोन नाही, चार मारल्या. चार म्हणजे आणखी.” असं काही ठरलेलं नव्हतं.

बारा फेऱ्या झाल्यावर ती उतरली. मी तिला अहवालाचा कागद दिला. तिने शेडमधल्या बाकावर बसून पाऊण तास लिहिलं, मागच्या बाजूलाही. नवऱ्याच्या वर्षभराच्या अहवालांहून तो एक अहवाल मोठा होता.

पहिल्या गाडीबद्दल तिने लिहिलं होतं की सीट मऊ आहे, गाडी गुळगुळीत चालते, पण पुढचा माणूस काय करणार आहे हे तिला शेवटपर्यंत कळत नव्हतं. गिअर कधी बदलला, वेग कधी सोडला, काही समजत नव्हतं. म्हणून ती सारखी त्यांचा पट्टा आवळून बसली होती आणि तिचे खांदे भरून आले. दुसरीत ठोके सीटमधून मांड्यांत येतात. ते जवळ आले की गाडी उचलणार, लांबले की आता हळू होणार. “मला त्यांच्याआधी कळत होतं,” असं वाक्य होतं. त्याच्याखाली मात्र तिने तितक्याच स्पष्टपणे लिहिलं होतं, की ताशी नव्वदच्या वर पायाखालचे फुटरेस्ट असे झिणझिणतात की दहा मिनिटांत तळवे बधिर होतात, आणि अशा गाडीवर चारशे किलोमीटर जायला तिला कोणी भाग पाडलं तर ती परतीला आगगाडीने येईल.

हा शेवटचा भाग आमच्या कामाचा होता. पुढचे अकरा शनिवार फुमिए ट्रॅकवर येत राहिली. आम्ही फुटरेस्टखाली रबर घातलं, मग आणखी जाड रबर, मग फुटरेस्टच जड केले. क्रँकची वजनं बदलली. वरचा गिअर लांब केला, म्हणजे नव्वदला इंजिन कमी फिरेल. एका शनिवारी सगळी झिणझिण गेली, आणि फुमिए उतरून म्हणाली की आज ठोकेपण गेले, पुन्हा पहिलीसारखं झालं. आम्ही निम्मं काम उलटं केलं. नऊ नंबरचं रबर तिला पसंत पडलं. तारा लावणाऱ्या बाईचा हिशेब असा होता की थरथर सगळी मारायची नसते, हवी ती ठेवायची असते. तिने ते असं बोलून दाखवलं नाही. तिच्याबरोबर काम करताना मलाच तसं कळत गेलं.

नागुमोसान त्या उन्हाळ्यात बदलले. बोलके झाले असं मी म्हणणार नाही. पण दुपारी दोघं शेडमागे सावलीत बसून डबा खायची आणि ते हातवारे करून तिला वळणं समजावून सांगायचे. ती पुन्हा पुन्हा “तोंड इकडे करा” म्हणायची.

सप्टेंबरात निकाल लागायचा होता. ओकुयामा म्हणाले, मागे बसणारीच्या मांड्यांवरून आपण इंजिन ठरवायचं का? दोन्ही गाड्या अमेरिकेला पाठवल्या गेल्या. तिकडून आलेलं मत अर्धं-अर्धं होतं. चालवणाऱ्यांपैकी तरुणांना पहिली आवडली, ती वर जास्त पळते म्हणून. वय झालेल्यांना दुसरी, कारण साठच्या वेगाला वरच्या गिअरवरूनही तिचा पिकअप सुटत नाही, चढावर गिअर उतरवावा लागत नाही. शेवटी दुसरी निवडली गेली. आमच्या शेडमध्ये सगळे धरून चालले की फुमिएच्या अहवालाने बाजी मारली. ती फाईल माझ्याकडे होती, म्हणून मला खरं माहीत होतं. एका खुंटीचा क्रँक घडवायला सोपा पडतो, त्याला एक यंत्र कमी लागतं. ओकुयामांच्या शेऱ्यात तेवढंच होतं.

मी ते वर्षभर कोणाला सांगितलं नाही. मग एकदा फुमिएनेच मला सरळ विचारलं, की खरंच माझ्यामुळे झालं का गं? मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, “त्यांना नको सांगूस. ते यासुओला फोनवर सांगून बसलेत.”

गाडी अमेरिकेत विकली गेली, बऱ्यापैकी. मासिकांनी तिला संथ म्हटलं, आणि ती होतीच संथ. दीडशेच्या पुढे तिला जावंसंच वाटत नसे. पण मागच्या सीटबद्दल कोणी वाईट लिहिलं नाही. १९९७ साली ती आमच्याकडे बाजारात आली तेव्हा नागुमोसानांनी एक घेतली, गडद जांभळ्या रंगाची. पहिल्याच रविवारी दोघं तिच्यावर बसून मिक्काबीला गेली. यासुओने बागेतून गाडी पाहिली, हातातली कात्री टाकली आणि वहिनीला म्हणाला, “उतरा, आता माझी पाळी.” शिगेहारूंनी नाही-हो म्हणायच्या आत तो आखूड पाय उचलून मागे बसलासुद्धा. बागेच्या कच्च्या रस्त्याने, पंधराच्या वेगाने, दोघे भाऊ तळ्यापर्यंत जाऊन आले. फुमिए मला सांगत होती, की परत आल्यावर शिगेहारू विहिरीपाशी जाऊन पुष्कळ वेळ तोंड धूत राहिले आणि यासुओ मोठमोठ्याने गाडीला नावं ठेवत राहिला, कसली ही गाडी, म्हैस परवडली, म्हणजे तिकडे कोणाचं लक्ष जाऊ नये.

तेव्हा द्रुतगती मार्गावर डबलसीटला बंदी होती. म्हणून ती दोघं जुन्या रस्त्यांनी फिरायची. तेनर्यू नदीच्या काठाकाठाने वर, धरणापाशी थांबून भाताचे गोळे, मग डोंगरातून इइदापर्यंत, तिथे गरम पाण्याचं कुंड आणि मुक्काम. पुढे बंदी उठली, तरी ती त्या मार्गावर गेली नाहीत. तिथे वळणं नाहीत, फुमिए म्हणायची, तिथे बसून करायचं काय. अठरा वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. पावसात भिजली, एकदा बोगद्यात पेट्रोल संपलं, एकदा हरणाला वाचवताना दोघं भाताच्या खाचरात गेली आणि चिखलाने माखून घरी आली. कुठेही मोडतोड झाली नाही. एकाहत्तराव्या वर्षी नागुमोसानांच्या डाव्या डोळ्याला कडेचं दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच परवाना परत केला. गाडी तोयोहाशीच्या एका जोडप्याने नेली. ती गेली त्या दिवशी मी फोन केला होता. फोनवर फुमिएशी बोलता येत नाही, म्हणून फोन नागुमोसानांनी घेतला आणि म्हणाले, “गेली. फुमिए आत झोपली आहे. मीही झोपतो.” दुपारचे दोन वाजले होते.

गेल्या फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेले होते. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता, सायकलवाले उतरून चालत होते. दारावर चिठ्ठी होती, फुमिएच्या अक्षरात: आम्ही तळ्यावर गेलो आहोत, चारला येऊ, आत ये, खाली शेगडी असलेल्या टेबलाच्या रजईत पाय घाल, केकचा खोका उघडू नकोस, त्यांना उघडायचा आहे. मी आत गेले आणि पाय घालून बसले. चार वाजून गेले, साडेचार झाले. मग बाहेर गल्लीत तिचा मोठा आवाज ऐकू आला. ती त्यांना कशावरून तरी रागवत होती, टोपी का काढलीत, कान लाल झालेत बघा. त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मी खिडकीतून पाहिलं तर ते फाटकापाशी थांबून, तिच्याकडे वळून, सावकाश काहीतरी सांगत होते आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत हसत होती. मी चहाचं पाणी ठेवलं.